फिरंग्यांच्या पदरात घातलेला शब्द

वसईजवळच्या भुईगावच्या गल्लीत माझी गाडी अडकली नसती, तर माधवराव राऊतसर मला बहुधा भेटलेच नसते. आम्ही बोळिंजहून समुद्रावर निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी बसून आमचे हे न मागितलेल्या सूचना देत होते. दोन वाड्यांच्या कुंपणांमधून जाणारी ती गल्ली इतकी अरुंद, की समोरून केळीच्या घडांनी भरलेला टेंपो आला आणि दोघांचाही मार्ग खुंटला. टेंपोवाला म्हणाला, "मॅडम, रिव्हर्स मारा." मी नुकती गाडी शिकलेली. रिव्हर्स मारायची माझी छाती नव्हती, पण ते कबूल करायचीही तयारी नव्हती. मी काच खाली करून ओरडले, "का म्हणून? कुणाच्या हुकमानं मागं घेऊ?"

तेवढ्यात शेजारच्या वाडीचे फाटक उघडले आणि गंजीफ्राक घातलेले, कमरेला पंचा गुंडाळलेले एक गृहस्थ हातात कोयता घेऊन बाहेर आले. आमच्या ह्यांनी घाईने काच वर घेतली. गृहस्थांनी कोयता कुंपणाला अडकवला, माझ्या खिडकीपाशी येऊन वाकले आणि अतिशय अदबीने विचारले, "आपण आता 'हुकमानं' म्हणालात ना? देशावरच्या का?" मी म्हटले, "सातारची." त्यांचा चेहरा उजळला. "तरीच! इकडचं माणूस असतं तर 'कोणी सांगितलं' म्हणालं असतं." मग त्यांनी टेंपोवाल्याला नावाने हाक मारली, फाटक पूर्ण उघडले, टेंपो आपल्या अंगणात घ्यायला लावला आणि मला हाताच्या खुणा करत पुढे काढले. टेंपोवाला कुरकुरला नाही आणि मीही वाद घातला नाही. त्यानंतर आम्ही त्यांच्या ओटीवर बसून 'हुकूम' या शब्दावर असे काही बोलत राहिलो, की त्या दिवशी समुद्र बघायचा राहूनच गेला. निघताना त्यांच्या पत्नी सुमनकाकींनी सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, एक पुडा हातात दिला आणि म्हणाल्या, "परत या. ह्यांना ऐकणारं माणूस मिळालं की मला जरा उसंत मिळते."

राऊतसरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे नामवंत विद्यार्थी, सहकारी शिक्षक आणि जाणकार मंडळी लिहीत आहेत. त्यांच्या पंगतीत बँकेत नोकरी करणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या बाईचे पान मांडले गेले ते केवळ त्या गल्लीच्या कृपेने. शाळेत मी त्यांची विद्यार्थिनी कधीच नव्हते. पण केस पांढरे व्हायला लागल्यावर ज्यांच्यामुळे मला पुन्हा शिकावेसे वाटले, ते सर माझे गुरू आहेत असे मी बेधडक सांगते.

सर भुईगावच्या बागायतदार घराण्यातले. उभा जन्म त्यांनी वसईच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. सकाळी केळी, पानवेली आणि मोगऱ्याला पाणी, मग आंघोळ करून शाळा, असा त्यांचा दिनक्रम होता. आजही पहिला अर्धा भाग तसाच चालू आहे. निवृत्तीनंतर शाळेच्या जागी ओटी आली. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर पाच-सात माणसे जमतात आणि एका शब्दावर बोलतात. या जमावाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. नियम मात्र दोन आहेत आणि ते सरांनी घालून दिले आहेत. पहिला नियम असा, की कोणताही शब्द आधी तीन वेगळ्या घरांतल्या माणसांच्या तोंडून ऐकायचा आणि कोश सगळ्यांत शेवटी उघडायचा. दुसरा नियम पाहुण्यांना चमत्कारिक वाटतो. ज्याची चहा करायची पाळी, त्याने त्या दिवशीची बैठक चालवायची. त्याने थांब म्हटले की बोलणाऱ्याने थांबायचे, मग ते स्वतः सर का असेनात.

हा दुसरा नियम कसा पडला ते काकींकडून ऐकावे. सुरुवातीला सर बोलत सुटत आणि इतरांना तोंड उघडायला वाव मिळत नसे. एकदा काकींनी आतून चहाचे आधण आणून ओटीवरच ठेवले आणि जाहीर केले, "आजपासून चहा तुम्ही करायचा. जो करील त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. मी जन्मभर केला, माझं कुणी ऐकलं नाही." सरांनी तिथल्या तिथे तो ठराव मंजूर केला आणि पहिली पाळी स्वतःकडे घेतली. त्या दिवशीचा चहा फारच गोड झाला होता असे म्हणतात.

सरांच्या मायेचा अनुभव आमच्या घराने घेतला आहे. माझी आई गेल्यावर मी वडिलांना साताऱ्याहून बोळिंजला आणले. जन्मभर शेतात राहिलेला माणूस सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत नुसता बसून राही. जेवण कमी झाले, बोलणे तर जवळजवळ बंद. मी ही गोष्ट ओटीवर सहज बोलून गेले. पुढच्याच आठवड्यात सर बस पकडून बोळिंजला आले, वडिलांसमोर बसले आणि म्हणाले, "दादा, माझं एक अडलंय. आमच्याकडे केळीच आहेत, बैल नाहीत. बैल हाकायचे शब्द मला कोण सांगणार?" वडिलांनी आधी त्यांच्याकडे संशयाने बघितले. मग कासरा, वेसण, दावं, म्होरकी अशी गाडी सुरू झाली. सरांनी मुद्दामच विचारले, "म्हणजे कासरा ओढला की बैल थांबतो?" वडील खवळले. "वढायचा न्हाई! कासरा नुस्ता हातात असावा लागतो. वढणारा गडी आन् बैल, दोगंबी दमत्यात." तेव्हापासून दर गुरुवारी सर येत. वडील गुरुवारी सकाळपासून स्वच्छ टोपी घालून बसत आणि थोडा उशीर झाला की मला विचारत, "तुमचं मास्तर आलं न्हाईत अजून?" वडिलांची शेवटची दोन वर्षे त्या गुरुवारांनी सुखाची केली. या उपकाराची फेड होत नसते, आणि सरांना तो उपकार वाटतही नाही. ते आजही म्हणतात की कासऱ्याबद्दल त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

आमच्या सोसायटीची निवडणूक झाली तेव्हा दोन गटांत इतकी खडाजंगी झाली, की लिफ्टमध्ये माणसे एकमेकांकडे पाठ करून उभी राहू लागली. मी वैतागून ओटीवर म्हटले, "ज्याला त्याला सत्ता हवी." सर म्हणाले, "हवी तर हवी. आधी सत्ता म्हणजे काय ते तरी बघू." आणि ते अख्खे वर्ष आम्ही राज्य करण्याच्या शब्दांना दिले. फार मजेचे वर्ष होते ते. सत्ता या शब्दाच्या मुळाशी नुसते असणे आहे. जो आहे, त्याचे असणे म्हणजे सत्ता. शासन ज्या धातूपासून आले त्याचा एक अर्थ शिकवणे, आणि शिष्य हा शब्दही त्याच घरातला. ताबा अरबीतून आला आणि तिथे त्याच्या मुळाशी आहे मागून चालणे. आमच्या बिल्डिंगीत फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणून पेढे वाटणारे आम्ही, आपण कुणाच्या तरी मागून चालायला निघालो आहोत हे कुणाला ठाऊक होते! एकेक शब्द उघडला की ओटीवर हशा पिके. पाचूबंदरची हिराबाई मासळीबाजार आटोपून कधी कधी यायची. ती म्हणाली, "मास्तर, मोठे मोठे शब्द सगले गरिबाघरचेच निघाले की वो!"

वर्षाचा शेवटचा शब्द सरांनी राखून ठेवला होता. तो शब्द अंमल.

राखून ठेवायला कारण होते. सरांचे गुरू म्हणजे विष्णुगुरुजी. सरांना मराठीची गोडी त्यांनी लावली. सरांचे वडील त्यांना शाळेतून काढून वाडीवर घालायला निघाले होते, तेव्हा गुरुजींनी घरी येऊन ओटीवर बैठक मारली आणि मुलगा शाळेत जाईपर्यंत हलणार नाही म्हणून सांगितले. गुरुजींनी स्वतःचे पुस्तक लिहिले नाही. त्यांच्या मागे त्यांचे म्हणून जे काही उरले होते, ते वसईत तोंडोतोंडी फिरणारे एक संशोधन. गुरुजी सांगत, की अंमल हा शब्द फिरंग्यांचा आहे. पोर्तुगीज भाषेत मालकाला 'आमो' म्हणतात, त्या आमोची जी मालकी ती अंमल. किल्ल्यात फिरंगी मालक बसले, त्यांची मालकी चालू लागली, आणि शब्द गावात उतरला, असे गुरुजींचे म्हणणे.

बाहेरच्या वाचकांना यात काय विशेष वाटणार नाही. पण आम्हा वसईकरांचा (एव्हाना मीही स्वतःला त्यांत धरते) हा जुना सोस आहे. चावी, पगार, बिजागरी, तुरुंग, लिलाव हे शब्द खरोखरच पोर्तुगीजांकडून आले. त्यामुळे इथे ज्या शब्दाचा बाप सापडत नाही तो खुशाल फिरंग्यांच्या पदरात घालायचा, अशी रीतच पडून गेली आहे. त्यात अंमल म्हणजे तर वसईचा मानाचा शब्द. तो सरांनी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवला होता. किल्ला दाखवणारे तो पाहुण्यांना सांगत. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेतसुद्धा तो छापून आला होता.

त्या वर्षी गुरुजींच्या जन्मदिनी शाळेच्या सभागृहात व्याख्यान ठरले. वक्ते राऊतसर, विषय 'अंमल: गुरुजींनी शोधलेला शब्द'. गुरुजींची मुलगी लीलाताई नाशिकहून येणार होती. व्याख्यानाची पुस्तिका काढायची म्हणून टंकलेखनाचे काम माझ्याकडे आले. मी बँकेतली, जुळवणी तपासल्याशिवाय सही न करणारी. एका संध्याकाळी ग्रंथालयात बसून मी जुना जाडजूड कोश उघडला. अंमल अरबी निघाला. फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. मूळ अर्थ काम, कृती, करणे. आणि एकटा नव्हे, सगळे गणगोत घेऊन. मामला त्याच घरचा, मामलत त्याच घरची, आपला मामलेदारही तिथलाच. मी दुसरा कोश उघडला, तिसरा उघडला. आमोचा कुठे मागमूस नव्हता.

व्याख्यानाला आठवडा राहिला होता. रविवारी ओटीवर सर त्याची तालीम करणार होते, आणि चहाची पाळी नेमकी माझी. म्हणजे थांबवायचा अधिकार माझा आणि जबाबदारीही माझीच. आधण उकळत होते. सांगितले तर सरांच्या गुरूची एकमेव खूण आपल्या हाताने पुसायची. नाही सांगितले तर उद्या भर सभेत कुणीतरी पोरगा मोबाइल उघडून सरांना खोटे पाडणार. सर रंगात आले होते. "आणि मग गुरुजी म्हणाले, माधवा, आमो म्हणजे..." एवढे झाले आणि मी कपबशा खाली ठेवून म्हटले, "सर, थांबा."

मी जे सापडले ते सांगितले. सरांचे शेजारी आणि बालमित्र पास्कल लोपीस म्हणजे ओटीवरचे आमचे पोर्तुगीज खाते. त्यांनी हळूच पुस्ती जोडली, "आमो म्हणजे मालक, ते खरं आहे. पण त्याला शेवटी 'ल' कुठून चिकटला, हा प्रश्न मला कायम पडायचा. मास्तरांच्या गुरुजींना कसं विचारणार?" सरांनी माझ्याकडून कोशातली नोंद मागितली. चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "नियम आपण दोघांनीही मोडला. तुम्ही कोश आधी उघडलात. मी हा शब्द तीन घरांत ऐकलाच नाही. एकाच तोंडून ऐकला, आणि कोश उघडायची गरज वाटली नाही." एवढे बोलून ते वाडीत निघून गेले. चहा तसाच राहिला.

पुढचे दिवस माझ्या जिवाला घोर होता. काकींचा फोन आला, "बोलत नाहीत गं. नुसती केळीची वाळकी पानं तोडत बसलेत. वाडी इतकी स्वच्छ मी लग्नात पण बघितली नव्हती." मी विचारले, व्याख्यान रद्द करतील का? काकी म्हणाल्या, "गुरुजींच्या मुलीसमोर गुरुजींना खोटं कसं पाडू, असं एकदा पुटपुटले. त्यापलीकडे मला काही कळलं नाही."

मग एक दिवस सर पाचूबंदरला गेले. हे मला हिराबाईकडून कळले. लिलाव चालू असताना ते तिच्या टोपलीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हिराबाई, अंमल म्हणजे काय?" ती म्हणाली, "अंमल होय? तो आमच्या मान्साला सांजचा चढतो. सकालपर्यंत उतरत नाय." शेजारच्या बायका खो खो हसल्या. सरही इतके हसले म्हणे, की त्यांना टेकायला जागा द्यावी लागली. परत येताना त्यांनी पास्कलांच्या घरी तोच प्रश्न टाकला आणि घरी येऊन काकींना विचारला. काकी म्हणाल्या, "तुमचा या घरावर कधी चालला नाही, तो." झाली तीन घरे. निदान दोन तरी, कारण स्वतःचे घर धरायचे नसते. सर घरे मोजण्यात कच्चे आहेत, हे मी पास्कलांच्या साक्षीने नमूद करते.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरले होते. सरांचे जुने विद्यार्थी, वाडीवाले, आमच्या बोळिंजची मंडळी, सगळे. पहिल्या रांगेत लीलाताई. त्या सत्तरी ओलांडलेल्या, उंच, करड्या चेहऱ्याच्या बाई. सर काय बोलणार हे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. गुरुजींच्या तसबिरीला हार घालून ते उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "आजच्या व्याख्यानाचं नाव चुकलं आहे. अंमल हा शब्द गुरुजींनी शोधला नव्हता. त्यांनी आणि मी मिळून तो फिरंग्यांच्या पदरात घातला. आज तो परत घ्यायला मी उभा आहे."

सभागृहात कुजबुज झाली. सरांनी एकही आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. कोशात काय आहे, ते कुणी दाखवले, चूक कशी झाली, किती वर्षे शिकवली. विद्यार्थ्यांना म्हणाले, "तुमच्यापैकी ज्यांनी परीक्षेत हे लिहिलं त्यांना मी पूर्ण गुण दिले. ते गुण आता परत घेता येत नाहीत, पण शब्द परत घ्या." मग ते त्या नव्या अर्थात असे काही रमले, की त्यांचा आवाजच बदलला. आपण म्हणतो अमुक राजाचा अंमल, तमुकाचा अंमल, आणि डोळ्यांसमोर सिंहासन आणतो. मुळात शब्द सांगतो काम. केले ते चालले, एवढेच. कायदा झाला तरी त्याची अंमलबजावणी व्हावी लागते, म्हणजे कुणीतरी उठून ते काम करावे लागते. हिराबाईचा चढणारा अंमलही त्यांनी सांगितला. पोटात गेलेली वस्तू आपले काम करू लागते, तोही अंमलच. सभागृह हसून हसून लोटपोट झाले. शेवटी तसबिरीकडे वळून ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मला शब्दामागे धावायला शिकवलंत. मी धावत धावत तुमच्या पुढे गेलो, यात माझा अपराध असेल तर तो तुम्हीच शिकवलेला आहे." एवढे बोलून ते खाली बसले.

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेकडे होते. लीलाताई सावकाश उठल्या. माइक हातात घेतला. म्हणाल्या, "बाबांना चूक दाखवलेली मुळीच खपायची नाही. घरात आमची कुणाची टाप नव्हती. माधव, तू आज दाखवलीस. मला वाटलं होतं मला राग येईल. मला एक सांग. अंमल म्हणजे काम, हे नक्की ना?" सर उभे राहून म्हणाले, "नक्की, ताई." तशी त्या बाईंच्या करड्या चेहऱ्यावर हसू फुटले. "मग आमच्या घरात अंमल बाबांचा नव्हताच रे. माईचा होता! आम्ही सगळे उगीच बाबांना घाबरत होतो."

त्यानंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. सर स्टेजवरून खाली आले, लीलाताईंच्या पाया पडायला वाकले, त्यांनी वरच्या वर धरले, आणि दोघे म्हातारे एकमेकांना धरून लहान मुलांसारखे रडत आणि हसत होते. पास्कलांनी खुर्चीवरूनच पुकारा केला, "चावी, पगार, पाव एवढं सगळं दिलं आम्ही. एक शब्द परत गेला तर जाऊ दे!" माझ्या शेजारी काकी पदराने डोळे टिपत होत्या. मला म्हणाल्या, "आता बोलायला लागतील. माझी उसंत संपली."

गुरूची चूक दाखवून गुरूचा मान वाढवता येतो, हे मी त्या दिवशी पाहिले. गेल्या काही वर्षांत मी अनेक मोठी माणसे जवळून पाहिली. आमच्या बँकेतले साहेब पाहिले, सोसायटीतले पदाधिकारी पाहिले, आणि आपली चूक मान्य करायची वेळ आली की माणूस कसा आक्रसतो हेही पाहिले. सर त्या दिवशी उलट फुलले. घरी जाताना ते मला म्हणाले, "सुजाताबाई, इतका हलका मी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झालो नव्हतो." आणि मग लगेच, "तुम्ही तिसरा कोश कोणता बघितला म्हणालात?"

तेव्हापासून दर वर्षी गुरुजींच्या जन्मदिनी आमची ओटी आपली स्वतःची एक चूक जाहीर करते. पहिल्या वर्षी अंमल, पुढच्या वर्षी पास्कलांचे दोन फिरंगी शब्द गेले, त्यानंतर माझा एक सातारी दाखला. लीलाताई न चुकता नाशिकहून येतात. म्हणतात, बाबांच्या घरात जे ऐकायला मिळालं नाही ते इथे ऐकायला मिळतं. आता शाळेतली मुलेही मागच्या रांगांत बसतात आणि शिक्षकांच्या चुका सापडाव्यात म्हणून कोश चाळतात. शाळेच्या ग्रंथालयातल्या कोशांना इतकी मागणी पूर्वी नव्हती.

या ग्रंथाचे संपादक मंडळ सरांकडे परवानगी मागायला गेले, तेव्हा मी बरोबर होते. सरांनी आधी चक्क नकार दिला. बराच आग्रह झाल्यावर म्हणाले, "बरं. गौरव करायचा तर करा, छापायचं तर छापा. पण मला भेट म्हणून शाल-श्रीफळ नको. प्रत्येकानं माझी एक चूक शोधून आणायची. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या एवढ्या तरी निघतीलच." संपादक हसले, पण सर गंभीर होते. त्यामुळे या ग्रंथाच्या बाकीच्या लेखकांवर काय वेळ आली असेल याची मला कल्पना आहे.

मी वर्षभर शोधले. सरांची जुनी व्याख्याने ऐकली, त्यांनी लिहिलेले सगळे लेख वाचले. आणि मला एक चूक सापडली आहे. चांगली मोठी आहे, पक्की आहे, पास्कलांनाही दाखवली. ते वाचून चाट पडले. संपादकांनी विचारले, इथे देता का? मी नाही म्हटले, कारण सरांना मी ओळखते. आपली एक चूक कुणाच्या तरी खिशात पडून आहे हे कळल्यावर त्यांना चैन पडणार नाही. ते सगळे कोश पुन्हा काढतील, पाचूबंदरपासून बोळिंजपर्यंत घरे पालथी घालतील, रात्री वेळेवर झोपतील आणि सकाळी काठी न घेता वाडीत फिरतील, कारण ती शोधायला अंगात ताकद हवी.

सर, ती चूक मी तुम्हाला तुमच्या शंभराव्या वाढदिवशी, तुमच्याच ओटीवर, सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याआधी कितीही विचारलेत तरी सांगणार नाही. तोवर तुम्हाला राहावेच लागेल.